‘डॉल्बी’ या शब्दाचा अर्थ आणि घरातील चौफेर ध्वनी

अहिल्यानगर जिल्ह्यातील पारनेर व त्याच्या आसपासच्या गावांत ‘डॉल्बी’ हा शब्द आज सर्वांच्या तोंडी आहे. मात्र तो मूळ अर्थाने नव्हे. गणेशविसर्जनाच्या अथवा लग्नाच्या मिरवणुकीत वाहनावर रचलेली ध्वनिक्षेपकांची भिंत आणि तिच्यातून निघणारा छाती हादरविणारा आवाज यांस महाराष्ट्रात पुष्कळ ठिकाणी ‘डॉल्बी’ म्हणतात. ‘डॉल्बीमुक्त गणेशोत्सव’ असा समासही वृत्तपत्रांनी रूढ केला आहे. ज्यांच्या आडनावावरून हा शब्द आला ते रे डॉल्बी हे अमेरिकन अभियंते १९६३ ते १९६५ या काळात संयुक्त राष्ट्रांचे तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात होते. त्यानंतर १९६५ साली त्यांनी लंडन येथे स्वतःची प्रयोगशाळा स्थापिली. त्या प्रयोगशाळेचे पहिले कार्य आवाज वाढविण्याचे नव्हते. ध्वनिफितीवरील खरखर कमी करण्याचे होते. शब्दांचे अर्थ पालटतात यात नवल नाही. परंतु गोंगाट घटविणाऱ्याचे नाव गोंगाटासच चिकटावे, असे अर्थांतर विरळा आढळते.

हे अर्थांतर केवळ कोशकाराच्या कुतूहलाचा विषय असते तर त्याचा विस्तार करण्याचे कारण नव्हते. पारनेर तालुक्यातील अनेक कुटुंबांतील माणसे नोकरी-व्यवसायानिमित्त मुंबई-पुण्यास असतात. गावी नवे घर बांधले की मोठा दूरचित्रवाणी संच व त्यासोबत सहा ध्वनिक्षेपकांचा, म्हणजे बोलीभाषेतील स्पीकरांचा, संच घेण्याची हौस आता अनेकांना असते. खोक्यावर ‘डॉल्बी’, ‘डी.टी.एस.’, ‘५.१’, ‘ॲटमॉस’ अशी नावे ओळीने छापलेली असतात. हौशी माणूस विचारतो, यांतील श्रेष्ठ कोणते? घरातील वडीलधारी मंडळी मात्र वेगळेच विचारतात : एवढे स्पीकर आणले, तरी बोलणे का कळत नाही? पहिल्या प्रश्नाचे उत्तर दिल्याखेरीज दुसऱ्याकडे वळता येत नाही. पण महत्त्वाचा आहे तो दुसराच.

पहिल्या प्रश्नातील घोटाळा नावांचा आहे. ध्वनी किती मार्गांनी विभागला आहे, तो कोणत्या पद्धतीने संक्षिप्त करून साठविला आहे, आणि कोणत्या तारेतून तो एका यंत्रातून दुसऱ्यात जातो, या तीन अगदी भिन्न गोष्टी होत. ‘फॉरमॅट’ या एका शब्दाखाली त्या तिन्ही कोंबल्या जातात.

‘५.१’ हे नाव यांतील पहिल्या गोष्टीचे आहे. हा दशांश अपूर्णांक नव्हे. पाच पूर्ण ध्वनिमार्ग (समोर डावा, मधला व उजवा, आणि श्रोत्याच्या बाजूस किंवा किंचित मागे दोन) व केवळ खर्जासाठी राखलेला एक अपुरा मार्ग, असा त्याचा अर्थ. हा सहावा मार्ग सेकंदास सुमारे १२० कंपनांच्या वरचे काही वाहत नाही, म्हणून त्यास टिंबापलीकडे बसविले आहे. पुढे छतावरील दोन ध्वनिक्षेपकांसाठी ‘५.१.२’ अशी संख्या रूढ झाली. एकाच संख्येत दोन दशांश चिन्हे येऊ शकत नाहीत, एवढ्यावरूनच ही खूण गणिती नसून निव्वळ वर्णनात्मक आहे हे ध्यानी यावे.

‘डॉल्बी डिजिटल’ व ‘डी.टी.एस.’ ही नावे दुसऱ्या गोष्टीची, म्हणजे संक्षेपपद्धतीची आहेत. १९९२ साली ‘बॅटमन रिटर्न्स’ या चित्रपटाबरोबर पहिली पद्धत चित्रगृहांत आली. १९९३ साली ‘जुरासिक पार्क’बरोबर दुसरी. पहिलीत ध्वनीचे संकेत चित्रफितीच्या कडेच्या भोकांमधील जागेत छापले जात. दुसरीत फितीवर केवळ कालखुणा असत व ध्वनी निराळ्या तबकडीवर. संक्षेपाची आवश्यकता का पडते हे साध्या गुणाकाराने कळते. एका मार्गाचे सेकंदाला ४८,००० नमुने घेतले व प्रत्येक नमुना १६ बिटांत लिहिला, तर सहा मार्गांस सेकंदाला ४६,०८,००० बिट लागतात. डी.व्ही.डी.वर डॉल्बी डिजिटलला पुष्कळदा ४,४८,००० बिट दिलेले असतात. म्हणजे दहा भागांपैकी सुमारे नऊ भाग गाळले जातात, आणि तरीही ऐकणाऱ्यास सहसा फरक जाणवत नाही. याचे कारण कानाच्या स्वभावात आहे. पिठाची गिरणी चालू असताना शेजारच्याची कुजबुज ऐकू येत नाही; त्याचप्रमाणे बलवान स्वराजवळचा दुर्बळ स्वर कानाला लागत नाही, तो लिहूनच काय उपयोग? या तत्त्वावर ही पद्धत उभी आहे.

ब्लू-रे तबकडीवरील ‘डॉल्बी ट्रू-एच.डी.’ व ‘डी.टी.एस.-एच.डी. मास्टर ऑडिओ’ या पद्धती याहून भिन्न आहेत. पहिल्या प्रकाराची तुलना भाषणाच्या गोषवाऱ्याशी करता येईल. या दुसऱ्या प्रकाराची लघुलेखनाशी. गोषवाऱ्यावरून मूळ वाक्ये जशीच्या तशी परत मिळत नाहीत, लघुलेखनावरून मिळतात. डॉल्बी डिजिटल व डी.टी.एस. या दोन गोषवाऱ्यांत श्रेष्ठ कोण, या वादावर हौशी मंडळींनी पुष्कळ शक्ती वेचली आहे. डी.टी.एस.ला बिट अधिक लागतात हे खरे, परंतु गोषवारा लांब असला म्हणजे चांगलाच असतो असे नाही. शिवाय डॉल्बीच्या पद्धतीत संवादांची पातळी सर्व चित्रपटांत सारखी राहावी म्हणून एकूण ध्वनी थोडा उतरविण्याची सूचना संकेतांतच भरलेली असते. त्यामुळे तोच चित्रपट डी.टी.एस.मध्ये मोठ्याने वाजतो, आणि मोठ्याने वाजलेले ते अधिक चांगले असा निर्णय कान देऊन मोकळा होतो. पातळी सारखी करून ऐकल्यावाचून हा वाद घालणे व्यर्थ होय.

तिसरी गोष्ट तारेची. प्रकाशतंतूची, म्हणजे ‘ऑप्टिकल’ तार दोन मार्गांचा असंक्षिप्त ध्वनी किंवा जुन्या डॉल्बी डिजिटल व डी.टी.एस. पद्धतीचा संक्षिप्त ५.१ ध्वनी वाहू शकते, ट्रू-एच.डी. तिच्यात मावत नाही. एच.डी.एम.आय.च्या तारेतून दूरचित्रवाणी संचाकडून उलट दिशेने ध्वनी आणण्याची ‘ए.आर.सी.’ सोय काहीशी रुंद आहे, व तिची नंतरची ‘ई-ए.आर.सी.’ आवृत्ती सर्व पद्धतींना पुरेशी आहे. येथे एक साधी चूक वारंवार घडते. दूरचित्रवाणी संचाच्या ध्वनिविषयक पर्यायांत ‘पी.सी.एम.’ निवडलेले राहते. मग संच सर्व मार्ग मिसळून दोनच मार्ग पुढे पाठवितो, आणि मालक महिनोन्महिने सहा ध्वनिक्षेपकांतून दोन मार्गांचा ध्वनी ऐकत राहतो. तेथे ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘पास-थ्रू’ निवडावे.

२०१२ साली आलेले ‘ॲटमॉस’ हे नाव वरील तिन्ही कप्प्यांत नीट बसत नाही, म्हणून ते सर्वांत अधिक गोंधळ माजविते. ती स्वतंत्र संक्षेपपद्धती नव्हे. ब्लू-रेवर ते ट्रू-एच.डी.च्या पाठीवर बसून येते, आंतरजालावरून येणाऱ्या चित्रपटांत डॉल्बी डिजिटल प्लसच्या. त्यात अमुक ध्वनी अमुक ध्वनिक्षेपकातून निघावा असे न सांगता तो अवकाशात अमुक ठिकाणी असावा असे सांगितलेले असते. तो कोणत्या ध्वनिक्षेपकांतून काढायचा हे घरातील यंत्र ठरविते.

आता वडीलधाऱ्यांच्या प्रश्नाकडे वळावयाचे. चौफेर ध्वनीच्या रचनेत संवाद बहुतांशी समोरच्या मधल्या मार्गातून येतात. जागेअभावी अनेक घरांत मधला ध्वनिक्षेपक बसविलेलाच नसतो, पण यंत्रास मात्र तो आहे असे सांगितलेले असते. परिणामी संगीत व स्फोट दणक्यात येतात आणि पात्रे मुकी होतात. मधला ध्वनिक्षेपक नसेल तर यंत्राच्या मांडणीत तसे नोंदवावे. मग तो मार्ग डाव्या-उजव्यांत समान वाटला जातो. दुसरे कारण चित्रपटाच्या मिश्रणात आहे. शांत, मोठ्या चित्रगृहासाठी केलेल्या मिश्रणात कुजबुज व स्फोट यांतील अंतर फार मोठे असते. घरात पंखा फिरत असतो, बाहेर ट्रॅक्टर जात असतो, आणि कुजबुज त्याखाली बुडते. हे अंतर कमी करणारी, बहुधा ‘नाइट मोड’ या नावाची, सोय बहुतेक यंत्रांत असते. हौशी मंडळी तिच्याकडे तुच्छतेने पाहतात, पाहू नये.

तिसरे कारण भाषेच्या ध्वनिघटनेत आहे, आणि त्याची चर्चा क्वचितच होते. बोलण्यातील बहुतेक शक्ती स्वरांत असते व ती खालच्या कंपनसंख्यांत एकवटलेली असते. परंतु शब्द ओळखू येतो तो पुष्कळसा व्यंजनांवरून, आणि त्यांच्या खुणा सेकंदास २,००० कंपनांच्या वर, दुर्बळ शक्तीने, क्षणभरच येतात. मराठीत तर लिपीतही न दिसणारे भेद या भागात दडले आहेत. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा. चार ही संख्या आणि ‘गुरे चार’ यातील क्रियापद. लेखन एकच, पण पहिला उच्चार तालव्य व दुसरा दंत्य. दंत्य उच्चारातील घर्षण तालव्याहून उंच कंपनसंख्यांत असते. ‘पाट’ आणि ‘पाठ’ यांतील भेद तर शेवटच्या अल्पशा श्वासावर उभा आहे.

बलवान खर्ज स्वर त्याच्या वरच्या दुर्बळ ध्वनींना झाकून टाकतो; उलट दिशेने झाकण्याची क्रिया त्या मानाने फार थोडी घडते. येथेच ‘डॉल्बी’ शब्दाच्या स्थानिक अर्थाचा उपद्रव दिसू लागतो. नाव डॉल्बी, तेव्हा मिरवणुकीसारखी छाती हादरलीच पाहिजे, या अपेक्षेने खर्जाच्या ध्वनिक्षेपकाची, म्हणजे सब-वूफरची, कळ शेवटपर्यंत फिरविली जाते. आणि ज्या व्यंजनांवर संवाद तगून असतो ती त्या खर्जाखाली गाडली जातात. ‘सैराट’ (२०१६) सारख्या चित्रपटात पात्रे करमाळ्याकडील बोलीत बोलतात. करमाळा तालुका अहिल्यानगर जिल्ह्यास लागूनच आहे, त्यामुळे पारनेरच्या वृद्धांस ती बोली परकी नाही. पुस्तकी मराठीपेक्षा जवळची अशी भाषा पडद्यावरून येत असता ती खर्जात हरवावी, ही हानी खोक्यावरच्या कोणत्याही नव्या नावाने भरून येत नाही.

चौथे कारण खोली. सिमेंटच्या उघड्या भिंती, वर स्लॅब, खाली शहाबादी फरशी अशी १५ फूट लांब, १२ फूट रुंद व १० फूट उंच खोली घ्या. तिचे घनफळ सुमारे ५१ घनमीटर व सर्व पृष्ठभाग सुमारे ८४ चौरस मीटर. हे पृष्ठभाग सरासरीने वीसावा हिस्सा ध्वनी शोषतात असे धरल्यास सॅबिन यांच्या सूत्राने ध्वनी विरण्यास जवळजवळ २ सेकंद लागतात. साधारण बोलण्यात सेकंदाला चार-पाच अक्षरे उच्चारली जातात. म्हणजे प्रत्येक अक्षरावर मागील आठ-दहा अक्षरांचे अवशेष तरंगत असतात. यावर महागडे उपाय विकले जातात. परंतु याच मुलखातील धनगरी घोंगडी व घरच्या गोधड्या भिंतीपासून चार बोटे अंतर ठेवून टांगल्या, आणि असे १० चौरस मीटर कापड मधल्या-वरच्या कंपनसंख्यांतील निम्मा ध्वनी शोषते असे मानले, तर तोच काळ सुमारे ०.९ सेकंदावर येतो. माणसे बसली की आणखी उतरतो. खर्जावर मात्र घोंगडीचा परिणाम नगण्य. तेथे कळच मागे फिरविली पाहिजे.

छताचाही प्रश्न याच ओघात येतो. ॲटमॉससाठी वर तोंड केलेले ध्वनिक्षेपक ध्वनी छतावर आपटवून खाली आणतात. त्यासाठी छत सपाट, कठीण व साधारण ८ ते १२ फूट उंचीचे लागते. स्लॅबच्या घरात हे साधते. उतरत्या पत्र्याखाली ध्वनी भलतीकडे परावर्तित होतो, आणि मातीच्या माळवदाखाली तो बराचसा लाकूड-मातीत जिरतो. अशा घरांत वरचे ध्वनिक्षेपक घेण्यापेक्षा तोच पैसा मधल्या ध्वनिक्षेपकावर खर्चणे शहाणपणाचे. पत्र्यावर पाऊस पडू लागला की मग कोणतीच पद्धती उपयोगी पडत नाही, हे निराळे सांगावयास नको.

राहता राहिला जुन्या बोलपटांचा प्रश्न. भारतातील पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१ साली आला, आणि त्याच वर्षी ॲलन ब्लूमलाइन यांनी इंग्लंडमध्ये दोन मार्गांच्या ध्वनीसाठी एकस्वाचा अर्ज केला. परंतु ते तंत्र आपल्या चित्रगृहांत येण्यास पुढे कित्येक दशके गेली. प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) एकाच ध्वनिमार्गाचा आहे. यात्रेतील तंबूत पडद्याजवळच्या एका कर्ण्यातून असेच बोलपट साऱ्या गावाने ऐकले. असा चित्रपट आज संचावर लावला असता तोच ध्वनी दोन मार्गांत सारखा भरलेला येतो. चौफेर रूपांतर करणारी चांगली उकल हे सारखेपण ओळखून तो मधल्या ध्वनिक्षेपकाकडे वळविते, व ते योग्यच आहे. सहाही ध्वनिक्षेपकांतून एकच आवाज काढणारी, ‘ऑल चॅनेल स्टिरिओ’ किंवा तत्सम नावाची कळ मात्र अशा वेळी बंद ठेवावी.