स्कॅन चांगला, मग डोके का दुखते?

लातूरला शिकवणीसाठी राहणारा नांदेडचा अकरावीतला मुलगा मोटारसायकलवरून गावी निघाला आणि लोह्याजवळ पडला, अशी कल्पना करू. दोन मिनिटे शुद्ध हरपली. सीटी स्कॅनमध्ये काही निघाले नाही. घरच्यांचा जीव भांड्यात पडला. तीन आठवड्यांनी तोच मुलगा वर्गात उतरवून घेताना मागे पडतो, डोके दुखते म्हणतो, क्षुल्लक गोष्टीवरून चिडतो. आणि आपण शिक्षक 'अभ्यासात लक्ष नाही' म्हणून मोकळे होतो.

मेंदू कवटीत द्रवात तरंगत असतो. कवटी एकदम थांबली तरी तो हलत राहतो. (एसटीला करकचून ब्रेक लागल्यावर उभ्या प्रवाशांचे काय होते, ते आठवावे.) त्यातले चेतातंतू ताणले जातात, पेशींतील सोडियम-पोटॅशियमचा तोल जातो. तो सावरायला जास्त ऊर्जा लागते आणि नेमका तेव्हाच रक्तपुरवठा कमी पडू शकतो. स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, मोडलेले हाड दिसते. हा बिघाड दिसत नाही.

रुग्णालयात वापरतात ती ग्लासगो मोजपट्टी टीसडेल व जेनेट यांनी १९७४ साली मांडली. डोळे उघडणे ४, बोलणे ५, हालचाल ६, असे एकूण १५ गुण. १३ ते १५ म्हणजे सौम्य इजा. पण ही पट्टी शुद्ध मोजते, एकाग्रता नव्हे. त्यासाठी विचारावेच लागते: अपघातापूर्वीचे शेवटचे काय आठवते? महिन्यांची नावे उलटी सांगता येतात का?

तरीही उत्तर सरळ नसते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. अशा प्रसंगातून वाचलेल्याची झोप उडाली, विसराळूपणा आला, तर तो डोक्याच्या माराचा परिणाम की घरची माणसे गमावल्याचा? लक्षणे बरीचशी सारखी, आणि दोन्ही कारणे एकत्रही असतात. मुलगा आधी कसा होता, हे डॉक्टरांना ठाऊक नसते, आपल्याला असते. आमच्या मते ही माहिती कोणत्याही चाचणीइतकीच मोलाची आहे. ती पालकांमार्फत डॉक्टरांपर्यंत पोचवावी.

बहुतेक मुले महिनाभरात सावरतात, काहींना कित्येक महिने लागतात. एक-दोन दिवस विश्रांती, मग थोडे वाचन, अर्धा दिवस शाळा. त्रास वाढला की एक पायरी मागे. कबड्डी सगळ्यात शेवटी, तीही डॉक्टरांना विचारूनच. वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, झटके किंवा गुंगी दिसली तर मात्र तडक रुग्णालय गाठावे, आधीचा स्कॅन कितीही चांगला असला तरी.