भिरंडाचा रस आणि चांदीचे कण

अनमोड घाट चढून जोयडा तालुक्यात शिरले की रानात भिरंडाची झाडे भेटतात. या फळाची सोले आपल्या सोलकढीत असतात. याच फळाच्या अर्काने चांदीचे नॅनोकण घडविल्याचे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केले.

नॅनोकण साधारणपणे शंभर नॅनोमीटरपेक्षा लहान असतात. ते बनविण्यास एरवी सोडियम बोरोहायड्राइडसारखी तीव्र रसायने लागतात. हरित पद्धतीत सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात वनस्पतीचा अर्क मिसळतात. अर्कातील पॉलिफेनॉलसारखी द्रव्ये चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतात, अणू एकत्र येऊन कण बनतात आणि वनस्पतीचीच द्रव्ये त्यांच्यावर लेप चढवून त्यांना एकमेकांस चिकटू देत नाहीत. द्रावण पिवळट-तपकिरी झाले की कण तयार झाल्याची पहिली खूण मिळते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने तर २००४ मध्येच गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी कण मिळविले होते.

चांदी जिवाणूंना मारते, म्हणून जखमेवरील पट्ट्यांत तिचा वापर होतो. मात्र ‘हरित’ हे विशेषण पद्धतीचे आहे, औषधाचे नव्हे. चांदीचे आयन मानवी पेशींनाही अपाय करू शकतात. चांदीयुक्त द्रव दीर्घकाळ पोटात गेल्यास त्वचा कायमची निळसर-राखाडी होऊ शकते. घरी असले प्रयोग करून पिणे म्हणूनच धोक्याचे. दुसरी अडचण रानातलीच आहे. उन्हात पिकलेल्या आणि पावसात भिजलेल्या भिरंडाचा रस सारखा नसतो. रस बदलला की कणांचे आकारमानही बदलते. औषधाला मात्र दर खेपेस त्याच मापाचा कण लागतो.