डॉक्टरांची हजेरी आणि मुलांचे आरोग्य

डॉक्टरांनी दर पाच वर्षांत किमान ३० तास आपल्या व्यवसायाचे नवे शिक्षण घ्यावे, असे भारतीय वैद्यक परिषदेने २००२ सालच्या आचारनियमांत सांगितले. महाराष्ट्र वैद्यक परिषदेने तर नोंदणीच्या नूतनीकरणाशीच त्याची गाठ घातली. पाच वर्षांत ३० तास, म्हणजे महिन्याकाठी अर्धा तास. बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्याबाहेर आजारी मूल मांडीवर घेऊन बसलेल्या आईचा एका दिवसाचा वेळही बहुधा ह्याहून अधिक भरेल. पण तक्रार तासांच्या संख्येची नाही. ते तास कशात मोजले जातात, हा खरा प्रश्न आहे.

मोजली जाते ती हजेरी. रविवारी शहरातील एखाद्या हॉटेलात परिषद भरते, नोंदवहीत सही होते, व्याख्याने होतात, भोजन होते आणि प्रमाणपत्र हाती पडते. औषधकंपन्यांकडून प्रवासखर्च वा पाहुणचार घेऊ नये, असा दंडक २००९ साली घातला गेला. तो कोणत्या कारणाने घालावा लागला, हे सांगण्याची गरज नाही. ह्या साऱ्यात शिकणे मुळीच होत नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. भारतीय बालरोग अकादमी १९६३ पासून काम करीत आहे. जन्मतः न रडलेल्या अर्भकाला पहिल्या मिनिटात श्वास कसा द्यावा, ह्याचे बाहुलीवर दिले जाणारे तिचे प्रशिक्षण हे हाताला वळण लावणारे शिक्षण आहे. दुर्दैवाने प्रमाणपत्राच्या हिशेबात असे शिक्षण आणि खुर्चीवर काढलेली डुलकी ह्यांत भेद करता येत नाही.

नवे ज्ञान मुलापर्यंत पोहोचायला किती काळ लागतो, ह्याचे उदाहरण अगदी साध्या हगवणीचे आहे. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी पसरली आणि शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी मीठ-साखरेचे द्रावण पाजून असंख्य रुग्ण वाचविले. २००४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ ह्यांनी त्याला जस्ताच्या गोळ्यांची जोड द्यावी, असे सांगितले. दोन्ही उपाय काही रुपयांचे आहेत. त्यांना यंत्र लागत नाही, तज्ज्ञ लागत नाही. तरीही २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार जुलाब झालेल्या दहा मुलांपैकी सहांना द्रावण मिळाले आणि जस्त मिळाले ते जेमतेम तिघांना. प्रतिजैविकाचे औषध आणि सलाइनची बाटली मात्र गरज असो वा नसो, हजर असते. आईबापांनाही बाटली लावणारा डॉक्टर मोठा वाटतो, हेही खरेच.

नाशिकच्या संदर्भात हा विषय अधिक टोचतो. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली ह्याच शहरी स्थापन झाले. म्हसरूळला त्याच्या दारावरून जाणारा दिंडोरी-वणीचा रस्ता पुढे सुरगाण्याकडे जातो. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर ह्या आदिवासी भागात आजारी मुलाला प्रथम पाहतो तो बहुधा बालरोगतज्ज्ञ नसतोच. प्राथमिक आरोग्य केंद्रातील किंवा भरारी पथकातील तरुण वैद्यकीय अधिकारी, आणि त्यांतही अनेकदा आयुर्वेदाचा पदवीधर, ते मूल तपासतो. महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा ३० तासांचा नियम ह्या आयुर्वेद पदवीधराला लागूच नाही, कारण त्याची नोंदणी निराळ्या परिषदेकडे असते. म्हणजे ज्याच्या निदानावर सर्वाधिक मुलांचा जीव अवलंबून, तोच ह्या हिशेबाबाहेर. आधुनिक वैद्यक, आयुर्वेद, होमिओपॅथी, परिचर्या ह्या सर्व शाखा एका छत्राखाली असलेली संस्था म्हसरूळला आहे. परिषदांना जे जमणार नाही, ते ह्या विद्यापीठाला जमण्यासारखे आहे.

प्रश्न केवळ तान्ह्या मुलांचाही नाही. बालरोगशास्त्राची मर्यादा आता अठराव्या वर्षापर्यंत गेली आहे. किशोरवयीनांसाठी केंद्राने २०१४ साली स्वतंत्र आरोग्य कार्यक्रम सुरू केला. परंतु १९८५ वा १९९० साली पदवी घेतलेल्या डॉक्टरला पंधरा वर्षांच्या मुलीशी आईला क्षणभर बाहेर बसवून कसे बोलावे, हे कोणी शिकविले होते? परीक्षेच्या धास्तीने पोटदुखी होते की पोटदुखीच खरी आहे, हे ओळखणेही एक विद्या आहे. त्यात कायद्याची भर पडली. २०१२ च्या कायद्यान्वये बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना कळविणे सक्तीचे झाले. त्या भीतीने अल्पवयीन गर्भवती मुली डॉक्टरकडे येईनात. तेव्हा २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मुलीने व तिच्या पालकाने विनंती केल्यास गर्भपात करणाऱ्या डॉक्टरने तिची ओळख उघड करण्याची आवश्यकता नाही. ह्या निकालाची माहिती नसलेला डॉक्टर तिला दारातूनच परत पाठवील आणि ती कोणाच्या हाती पडेल, ह्याची कल्पना करवत नाही.

शिक्षण म्हणजे वरून खाली ओतण्याची वस्तू, हा समज महाराष्ट्रातच एकदा खोटा ठरला आहे. कोकणात विंचूदंशाने मुले पटापट दगावत. महाड तालुक्यात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर ह्यांनी रुग्णांच्या उशाशी रात्री काढून लक्षणांची टिपणे केली, ती १९८२ साली ‘लॅन्सेट’ ह्या विख्यात नियतकालिकात आली आणि पुढे रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे औषध त्यांनी ह्या विषावर वापरून दाखविले. मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले. तालुक्यातील दवाखान्यातून महानगरांतील प्राध्यापकांना शिकायला मिळाले. त्या काळी त्यासाठी कोणी गुणांक दिले नव्हते.

म्हणून परिषदांची संख्या वाढविण्यापेक्षा शिक्षणाची जागा बदलावी. वैद्यकीय अधिकाऱ्यांची मासिक बैठक ठरलेलीच असते. तीत लसीकरणाचे आकडे तपासले जातात, उद्दिष्टे विचारली जातात, खुलासे मागितले जातात. बालमृत्यूंच्या अन्वेषणाची पद्धतही केंद्राने २०१४ साली घालून दिली आहे. गेल्या महिन्यात दगावलेल्या एका मुलाचे कागद त्याच बैठकीत उघडावेत. नाशिकच्या बालरोगतज्ज्ञाने सुरगाण्याला जाऊन ते वाचावेत आणि त्या जाण्याचे तास त्याच्याही नावावर जमा करावेत. कोणाला दोषी ठरवायचे नाही, एवढी हमी मात्र लेखी हवी. नाहीतर कागदच येणार नाहीत.