शांत इंजिनाची तक्रार

धडगाव-मोलगीच्या जीपा भरल्या पोटी घाट चढतात तरी कशा, ते बघून या, असं संपादक म्हणाले. मी थेट शहाद्यातल्या, इंजिनाची सिलिंडर हेडं दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रींकडे गेलो. नाव छापायचं नाही, ही त्यांची अट.

इतिहास फार नाही. १९७९ साली महिंद्राने प्यूजोशी करार केला आणि जीपला त्यांचं डिझेल इंजिन मिळालं. बिनटर्बोचं, पिस्टन ओढेल तेवढीच हवा घेणारं. टर्बो पुढे बोलेरोत आला.

मिस्त्री हेड आडवं करून पोर्टात पेट्रोल ओततात आणि व्हॉल्व्हच्या कडेकडे टक लावून बसतात. थेंब पाझरला की पुन्हा पेस्ट, पुन्हा घासणं. सीटवर उमटलेली राखाडी कडी मग व्हर्नियरने मोजायची. एक्झॉस्टची कडी फार अरुंद त्यांना चालत नाही, कारण त्या व्हॉल्व्हची बरीचशी उष्णता तिथूनच हेडात उतरते.

पोरं येऊन मोठे व्हॉल्व्ह, चढा कॅम मागतात. बिनटर्बोच्या इंजिनाला ते शोभतं. तिथे हवा नुसती ओढून आणायची, म्हणून वाट रुंद हवी, दोन्ही व्हॉल्व्ह थोडा जास्त वेळ एकत्र उघडे हवेत. आणि आरपीएम चढले की व्हॉल्व्ह कॅमची साथ सोडू नये म्हणून तो हलका, स्प्रिंग कडक. टर्बोत हवा ढकललीच जाते. तिथे व्हॉल्व्ह फार वेळ एकत्र उघडे राहिले, तर टर्बाइनपुढे तुंबलेला धूर उलटा सिलिंडरमध्ये शिरू शकतो. शिवाय ४० मिलिमीटरच्या इनटेक व्हॉल्व्हवर मागून एक बार दाब आला, की जवळजवळ १३ किलोचा रेटा त्याला सीटवरून उचलू पाहतो. स्प्रिंग कडक इथेही लागते, पण कारण वेगळं. ‘पैसे घालायचेच तर एक्झॉस्टमध्ये घाला, भाऊ. चांगला व्हॉल्व्ह, चांगला गाईड,’ मिस्त्री म्हणाले. मला पटलं.

पण चांगला व्हॉल्व्हही जळतो. सीट झिजली की व्हॉल्व्ह आत बसतो आणि टॅपेटचा गॅप मिटत जातो. मग व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, कडेने आग निसटते. टॅपेट वाजला तर ड्रायव्हर धावत येतो. गॅप मिटला की इंजिन उलट शांत होतं, आणि शांत इंजिनाची तक्रार कोण करणार? वर कंपनीच्या डब्यात डुप्लिकेट माल येतो. इंजिनच बदलायचं म्हटलं तर मोटार वाहन कायद्याचं, गाडीतल्या फेरफारावरचं कलम ५२ आडवं येतं. बऱ्याच नव्या इंजिनांत हायड्रॉलिक लॅश अ‍ॅडजस्टर असतो, गॅप तोच सांभाळतो. तिथे फिलर गेजने गॅप मोजायचं काम नाही, पण ऑइल स्वच्छ लागतं. ऑइल बदलायला गाडी उभी करा म्हटलं, की मालकाचं उत्तर ठरलेलं: अस्तंब्याची यात्रा होऊन जाऊ द्या, मग बघू.