मागच्या शेडसाठी हीटर घेताना

बेळगावात हीटर लागतो म्हटले की बाहेरगावचे पाहुणे हसतात. त्यांना आपला पाऊस ऐकून माहीत असतो, थंडी माहीत नसते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १२-१३ अंशांपर्यंत उतरतो. विटांच्या घरात त्याचे फारसे काही वाटत नाही, पण परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये सकाळी पान्हा हातात धरवत नाही. आणि आपल्याकडे अशा शेड कितीतरी घरांमागे आहेत. कुठे माग, कुठे स्कूटर दुरुस्ती, कुठे उद्यमबागेतून घरी आणलेले किरकोळ काम.

आमचे मामंजी फौंड्रीसाठी पॅटर्न करीत, म्हणजे ओतकामाच्या साच्याला लागणारा लाकडी नमुना. निवृत्त झाले, वय ७४, तरी सकाळी सहाला शेडचे दार उघडतेच. बोटे आखडू लागली तेव्हा त्यांनी कोळशाची शेगडी आत नेली आणि वारा येतो म्हणून दार ओढून घेतले. एका सकाळी डोके जड झाले, मळमळू लागले. "पित्त झालंय," म्हणून आल्याचा तुकडा चघळत अंगणात येऊन बसले. अर्ध्या तासात बरे वाटले.

पित्त नव्हते ते. धुमसत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. निखारे लाल झाले, धूर थांबला, की आता भीती नाही असे आपण समजतो, पण हा वायू निघतच असतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. गुंगी येऊन माणूस तिथेच झोपला तर उठत नाही. बंद जागेत शेगडी नको, आणि जळलेला वायू बाहेर नेणारी नळी नसलेला गॅस हीटरही नको.

घरात शेडला कुलूप लावण्याचा विषय निघाला. मला ते पटेना. ज्या माणसाचे हात पन्नास वर्षे रंध्यावर गेले, त्याला दिवसभर टीव्हीपुढे बसवून आपण काय मिळवणार? म्हणून हीटर पाहायला लागलो.

दुकानात पहिल्यांदा दाखवतात तो लाल कांड्यांचा क्वार्ट्झ किंवा हॅलोजन हीटर. खरे तर फटींच्या शेडला तोच सोयीचा. तो हवा नव्हे, समोरचा माणूस तापवतो, आणि पत्र्याखाली हवा तापवणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे. ज्यांच्याकडे फक्त स्कूटरचे सुटे भाग असतील आणि पेट्रोल उघडे नसेल, त्यांनी तो भिंतीवर उंच लावावा. आमच्याकडे मात्र रंध्याचा भुसा. उघड्या तापलेल्या कांडीजवळ भुसा नको. पंख्याचा हीटर तर तो भुसा आत ओढतो आणि शेडभर उडवतो. राहिला तेलाचा रेडिएटर. त्यातले तेल जळत नाही, पुन्हा भरावेही लागत नाही; आतली कॉइल तेल तापवते आणि पंखांतून ऊब येते. तापायला अर्धा तास घेतो, हा त्याचा दोष. मामंजींनी तो चहाच्या वेळेत बसवला आहे.

आधी फटी बुजवल्या, पत्र्याखाली प्लायचे छत मारले. हा खर्च हीटरआधी करावा. मग निम्म्या ताकदीवर भागते.

वायरमन आला तो हीटरकडे न बघता थेट बोर्डाकडे गेला. "अर्थिंग ऐतेन्री?" हा त्याचा पहिला प्रश्न. २००० वॅटचा हीटर जवळजवळ ९ अँपिअर ओढतो. दिव्याच्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डावर तो लावणे म्हणजे आग बोलावणे. १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट, वेगळी वायर, स्वतंत्र एमसीबी, एवढे करूनच घेतले. हीटरवर आयएसआयची खूण आणि कलंडला तर आपोआप बंद होण्याची सोय पाहिली.

आता बिल. २००० वॅट रोज तीन तास म्हणजे सहा युनिट, महिन्याला १८०. कर्नाटकात २०२३ साली सुरू झालेल्या गृहज्योती योजनेत महिन्याचा वापर २०० युनिटांच्या वर गेला की पूर्ण बिल भरावे लागते. म्हणजे हीटरपायी घरातले दिवे, पंखे, मिक्सर सगळेच पैशांत. आम्ही १२०० वॅटवर दोनच तास चालवतो. महिन्याला ७२ युनिट होतात. नऊनंतर ऊन पत्र्यावर येते, मग तो लागतच नाही.

थिनर आणि पॉलिशचे डबे शेडमधून हलवले. त्यांची वाफ पेटायला स्विचची ठिणगीही पुरते. पॉलिशचे काम आता दुपारी, अंगणात. मामंजींना ते आवडलेले नाही. उन्हात ब्रशचे फराटे दिसतात म्हणतात.