गोळी एकाला, दुखणे घरभर

आरोग्याच्या सदरात पोलिसांच्या गोळीबाराचा विषय कशाला, असे काही वाचक म्हणतील. पण गोळी एकाला लागते आणि दुखणे घरभर पसरते. ते दुखणे आम्हा डॉक्टरांच्याच प्रांतातले आहे.

अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या फोर्टवर्थ शहरात १२ ऑक्टोबर २०१९ रोजी मध्यरात्रीनंतर एका घराचे दार उघडे दिसले, म्हणून शेजाऱ्याने काळजीपोटी पोलिसांना फोन केला. घरात २८ वर्षांची तरुणी आपल्या ८ वर्षांच्या भाच्याबरोबर व्हिडिओ गेम खेळत होती. आलेल्या पोलिसांनी आपण कोण ते सांगितले नाही. मागच्या बाजूला चाहूल लागली म्हणून ती स्वतःचे पिस्तूल घेऊन खिडकीशी गेली. बाहेरच्या पोलिसाने ‘हात दाखव’ असे ओरडून लगेच गोळी झाडली. भाच्याच्या डोळ्यांदेखत ती गेली.

घर तिच्या आईचे. आजारी आईकडे पाहण्यासाठी ती तेथे राहत होती. पुढे महिनाही झाला नाही तोच तिचे वडील हृदयविकाराच्या झटक्याने वारले. जानेवारी २०२० मध्ये आईही गेली. हे सारे दुःखानेच झाले असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण योगायोग म्हणून सोडूनही देता येत नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, जवळचे माणूस गेल्यावर पहिल्या २४ तासांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका एरवीच्या सुमारे २१ पट आढळला. दिवस जातील तसा तो कमी होतो.

याखेरीज आणखी एक विकार आहे. जबर धक्का बसला की रक्तात ॲड्रेनलिनसारखी द्रव्ये एकदम वाढतात. हृदयाचा डावा कप्पा टोकाशी फुगतो व नीट आकुंचन पावत नाही. जपानी डॉक्टरांनी १९९० साली त्याला ‘ताकोत्सुबो’ नाव दिले. त्याचा अर्थ ऑक्टोपस पकडण्याचे मडके. हृदयाचा आकार तसा दिसतो. पाळी गेलेल्या स्त्रियांत हा अधिक आढळतो. वेळीच उपचार झाले तर बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात.

अशा मृत्यूचे दुःख अधिक जड का? एक तर ते अचानक येते. दुसरे, ज्याने राखायचे त्याच्याच हातून माणूस जाते आणि स्वतःच्या घराची भीती वाटू लागते. २०२३ साली न्यू मेक्सिकोतील फार्मिंग्टन येथे पोलीस समोरच्या घराऐवजी चुकीच्या घरी गेले आणि दार उघडणारा ५२ वर्षांचा घरधनी मारला गेला. तिसरे, चौकशी व कोर्टात जखम पुन्हा पुन्हा उघडी होते. फोर्टवर्थच्या त्या पोलिसाला शिक्षा व्हायला तीन वर्षे लागली. ‘आमची चूक झाली’ हे शब्द वेळेवर कानी पडणे, हेही दुःखितांना एक औषधच असते.

आपल्याकडेही अपघाताने, घातपाताने माणसे अकाली जातात. अशा घरी कोणाच्या छातीत दुखले, दम लागला, तर ‘रडून रडून झाले असेल’ म्हणू नका. त्वरित रुग्णालयात न्या, कार्डिओग्राम काढा. रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्या सुतकाच्या गडबडीत हमखास चुकतात. त्या कोणीतरी आठवणीने द्याव्यात. मुलांना ‘मावशी गावाला गेली’ असे खोटे सांगू नये. मूल अबोल झाले, अंथरूण ओले करू लागले, झोपेत दचकू लागले, तर रागावू नये, डॉक्टरांना दाखवावे.

शोक हा आजार नव्हे. पण सहा महिने उलटूनही माणूस त्यातच रुतून राहिले, कामधंदा सुटला, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या यादीप्रमाणे तो उपचार करण्याजोगा विकार ठरतो. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यात कमीपणा नाही.

तेराव्यानंतर पाहुणे परततात आणि घर खरे रिकामे होते. वाचकहो, भेटायला जायचे असेल तर तेव्हा जा. समजूत घालू नका. जवळ बसा आणि ऐका.