संच उचलण्याआधी फाइल उघडा

गेल्या भागात क्लॉड कोड, म्हणजे प्रोग्रॅम लिहून देणारा एआय सहायक, संगणकावर बसवून झाला. आता कुणीतरी हमखास सांगणार, 'अमुक स्किल्सचा संच टाक, सगळं आयतं होतं.' आयतं काही होत नाही. तरी संच उपयोगाचा असतो, पारखून घेतला तर.

स्किल म्हणजे एक साधा फोल्डर. त्यात 'स्किल.एमडी' नावाची मजकुराची फाइल असते: वर नाव आणि वर्णन, खाली सूचना. हवे तर सोबत नमुने आणि छोटे प्रोग्रॅम. क्लॉड बनवणाऱ्या अँथ्रॉपिक कंपनीने ही पद्धत १६ ऑक्टोबर २०२५ रोजी आणली आणि डिसेंबरात ती खुलं मानक म्हणून जाहीर केली. अशी निवडक स्किल्स एकत्र बांधली की झाला संच. क्लॉड कोडमध्ये तो बहुधा 'प्लगइन' म्हणून मिळतो.

कोकणातल्या आपल्या दशावतारी नाटकात छापील संहिता नसते. जाणता कलाकार रंगपटात आजचं आख्यान सांगतो, संवाद नट रंगमंचावर स्वतः जुळवतो. स्किलही एवढंच करतं. बोलायला सहायकाला येतंच, आजचं आख्यान काय ते फाइल सांगते.

सहायक सगळ्या फाइली आधीच वाचून बसत नाही. सुरुवातीला तो प्रत्येक स्किलचं फक्त नाव आणि वर्णन पाहतो. काम जुळलं, तरच पूर्ण फाइल उघडतो. म्हणून 'वेबसाइटसाठी उपयुक्त' असलं मोघम वर्णन जवळपास फुकट. एकसारख्या वर्णनांची पन्नास स्किल्स कोंबलीत, तर नको ते उघडेल आणि हवं ते पडून राहील.

समजा, सिंधुदुर्गातल्या वालावलात लक्ष्मीनारायणाच्या तळ्याजवळ कुणाचा होमस्टे आहे आणि त्याचं बुकिंगचं पान मराठीत करायचंय. तयार संच रंगरूप आणि चाचण्या नीट सांभाळेल. घोळ पुढे होतो. जावास्क्रिप्टला 'मराठी-भारत' अशी भाषा सांगितली की रक्कम '१,००,०००' अशी सुंदर दिसते, पण तेच देवनागरी आकडे परत वाचायला दिले तर तिला ते संख्या वाटतच नाहीत. बेरीज बोंबलते. दुसरं, 'कऱ्हाड' हा शब्द काही कीबोर्ड 'ऱ' वापरून लिहितात, काही साधा 'र' आणि न दिसणारा जोडक वापरून. डोळ्यांना एकच, संगणकाला दोन वेगळे शब्द. कऱ्हाडचे पाहुणे शोधताना काही नावं गळतात, आणि अक्षरं एका साच्यात आणणाऱ्या नेहमीच्या युनिकोड नॉर्मलायझेशननेही हा फरक मिटत नाही.

परदेशात बांधलेल्या संचाला कऱ्हाडचं काय पडलंय? हे आपणच लिहायचं: 'मराठी नोंदींचा शोध किंवा हिशेब असेल तेव्हा वापरावे' असं नेमकं वर्णन, आणि खाली चार ओळी. हिशेबाआधी आकडे इंग्रजी करा आणि स्वल्पविराम काढा, शोधाआधी दोन्ही 'ऱ' एकरूप करा, पडद्यावर मात्र देवनागरीच दाखवा.

एक सावधगिरी. संचातले प्रोग्रॅम तुमच्याच संगणकावर चालतात, आणि सूचनांमध्ये कुणी भलतंच काही दडवलेलं असू शकतं. संच कितीही नावाजलेला असो, फाइली वाचल्याशिवाय टाकू नका. मजकूर साधाच असतो. प्रोग्रॅम समजला नाही, तर जाणकाराला दाखवा.

या आठवड्यात एकच स्किल स्वतः लिहा आणि प्रकल्पातल्या 'डॉट-क्लॉड' फोल्डरमध्ये, 'स्किल्स' या उपफोल्डरात ठेवा. ते योग्य वेळी उघडतंय की नाही, हे कसं तपासायचं ते पुढच्या भागात.